मागं दोन ट्रॉल्या जोडून हायवेनं जावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली अशी की घरचा ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, हंगामात मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात आणि पेठ नाक्याच्या अलीकडं चार-पाच किलोमीटर पुणे-बंगळूर हायवेनं जावं लागतं. हे कायद्यात बसतं का आणि धोक्याचं कितपत आहे? दुसरी अशी की हंगाम संपला की घरच्या दोन आणि चुलत्यांची एक अशा तीन रिकाम्या ट्रॉल्या विकल्या जाणार आहेत, आणि त्या एकामागं एक जोडून एकाच खेपेत सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या गिऱ्हाइकाकडं पोचवायच्यात. चुलते म्हणतात, रिकाम्या तर आहेत, काय होतंय.

दुसऱ्याचं उत्तर आधीच देतो, नको. का नको ते शेवटी सांगतो. पहिल्याचं उत्तर मात्र लांब आहे. मी नऊ वर्षं स्वतः डबल ट्रॉली चालवली आणि पुढची अठरा वर्षं कारखान्याच्या वाहतूक विभागात, गॅरेजच्या बाजूला काढली. त्यामुळं कागदापेक्षा ट्रॉली जोडायची कडी आणि पिन मला जास्त कळते. पण कागदाचंही सांगतो, कारण अपघातानंतर घर बसतं ते बहुतेक वेळा कागदामुळं.

कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत गप्पा चालतात तिथं दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, कायद्यानं एकच ट्रॉली चालते. दुसरा म्हणतो, शेतीच्या ट्रॅक्टरला कायदाच लागू नाही. दोघंही चुकतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ६१ ट्रेलरबद्दल आहे आणि त्यात अनेकवचन आहे. एक किंवा जास्त ट्रेलर ओढत असाल तर ओढणाऱ्या वाहनाचा नंबर ट्रेलरवर, आणि जास्त असतील तर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे, असं ते सांगतं. म्हणजे एकामागं एक ट्रॉल्या जोडल्या जातात हे कायद्यानं धरलेलंच आहे. आता तुमच्या मागच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर बघा, ट्रॅक्टरचा नंबर आहे का? बहुतेकांच्या फाळक्यावर गावच्या देवाचं नाव असतं, पोरांची नावं असतात, एखादा शेर असतो. नंबर नसतो.

त्याच कलमानं ट्रॉलीलाही नोंदणी लागते. प्रत्येक ट्रॉली हे कायद्याच्या नजरेत वेगळं वाहन आहे, तिचं आरसी बुक वेगळं आणि विमाही वेगळा. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे मागच्या दोन्ही आपोआप आल्या, ही समजूत मी शिकलेल्या माणसांचीही पाहिलीय. पॉलिसी काढून वाचा. ट्रॉलीचा नंबर किंवा चासी नंबर त्यात लिहिलेला नसेल तर ती ट्रॉली विम्याबाहेर आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतली असेल तर त्याच्याकडून फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२, म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्याजोगं असल्याचा दाखला मिळायला हवा होता. तो नसेल तर आरटीओत नोंद कशावर होणार? विनानोंदणी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २ हजारांपासून ५ हजारांपर्यंत आहे. विना विमा सापडलात तर पहिल्या वेळी २ हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे लहान वाटतील. खरा आकडा दंडाचा नसतोच, समोरच्या कुटुंबाच्या भरपाईचा असतो. अपघात होऊन माणूस गेला आणि ट्रॉलीचा विमा नसला तर ती भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येते.

लायसन्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पोलिसानं अडवलं की पहिला वाद तिथंच होतो. ट्रॅक्टरचं रिकामं वजन साडेसात टनांच्या आत असेल तर तो हलक्या वाहनात मोडतो, आणि आपले सगळे शेतीचे ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी खाली आहेत. नुसती ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेला ड्रायव्हर अपात्र ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००१ साली सांगितलंय. पण त्याच कोर्टानं २००५ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात असंही सांगितलं की ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं. नियमात शेतीचा ट्रॅक्टर हा बिगर-वाहतूक गटात आहे. घरचा ऊस, घरचं खत, घरचा कडबा असेल तोवर ठीक. मुकादमाशी, म्हणजे तोडणी टोळीच्या ठेकेदाराशी करार करून टनावर भाडं घेत दुसऱ्याचा ऊस ओढायला लागलात की विमा कंपनीचा वकील हाच धागा पकडतो. पॉलिसीवर ‘शेतीवापर’ आणि बँक खात्यावर कारखान्याकडून तोडणी-वाहतुकीचे पैसे. त्याला अजून वेगळा पुरावा कशाला पाहिजे? एजंटाला स्पष्ट सांगा की भाड्याची वाहतूक करतो, आणि पॉलिसीत तसं लिहून घ्या. हप्ता वाढेल, वाढू द्या.

उसावर बसलेल्या ऊसतोड टोळीचंही तेच आहे. तोडणी संपवून बायका-पोरं भरलेल्या ट्रॉलीवर चढून येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मालाच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला विम्यात जागा नसते. त्यांना वर बसवू नका. एवढंच.

आता वजन. कलम १९४ प्रमाणं जादा भाराला सरळ २० हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा खर्च. माल बाजूला, मागं किंवा वर मर्यादेबाहेर आला असेल तर त्याचे वेगळे २० हजार. समजा दोन्ही ट्रॉल्यांच्या आरसीवर मिळून बारा टन माल बसतो आणि काट्यावर अठरा भरले. सहा टन जादा, म्हणजे बत्तीस हजार झाले, तेही एका खेपेचे. गंमत अशी की हे सिद्ध करायला कुणाला वेगळा काटा लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्याची स्लिप तुमच्याच खिशात असते, तारीख, वेळ आणि ट्रॅक्टरच्या नंबरासकट. ती स्लिप कोर्टात ठेवली गेलेली मी पाहिलीय. ती पाहिल्यावर ट्रॅक्टरमालक काही बोलूच शकला नाही.

लांबीचं असं आहे की १९८९च्या केंद्रीय नियमावलीत ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून १८ मीटर लांबी घालून दिली होती. ट्रॅक्टर साडेतीन मीटरच्या वर, एक ट्रॉली दांडीसकट सहा-साडेसहा मीटर. दोन ट्रॉल्या बसतात, पण मागं ऊस दीड-दोन मीटर बाहेर आला की बसत नाहीत. २०२०च्या दुरुस्तीत सव्वापंचवीस मीटरच्या रोड ट्रेनला, म्हणजे एकामागं एक ट्रेलर जोडलेल्या लांब ट्रकला जागा केली गेली खरी, पण ती ठरवून दिलेल्या मार्गांसाठी. आपल्या ट्रॉल्यांचा तिच्याशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियात साडेत्रेपन्न मीटरच्या रोड ट्रेन चालतात, त्याचे व्हिडिओ पोरं मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, बघा, तिथं तीन-तीन चालतात. तिथं प्रत्येक ट्रेलरच्या प्रत्येक आसाला हवेचा ब्रेक असतो, आणि त्या गाड्या कुठल्या रस्त्यानं जायच्या तेही सरकार ठरवतं. आपल्या ट्रॉलीला किती आसांना ब्रेक आहे?

हायवेवर ट्रॅक्टरला बंदी आहे का, असंही काही जण विचारतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर ट्रॅक्टर चढवता येत नाही. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर तशीच बंदी आली. आपला पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा ४ आणि आताचा ४८, तसा बंदिस्त नाही, त्यामुळं सरसकट बंदी नाही. मात्र कलम ११५ खाली एखादा रस्ता, पूल किंवा ठरावीक वेळ ठरावीक वाहनांना बंद करता येते. हंगाम सुरू होताना तसा काही आदेश निघालाय का, हे कारखान्याच्या गट ऑफिसला किंवा पोलिसांच्या वाहतूक शाखेला विचारून घ्या. सर्व्हिस रोड असेल तिथं तो वापरा. खड्डे आहेत, माहितीये. तरी वापरा.

कागद झाले. आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते.

शेतीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. पुढच्यांना नसतात. ट्रॉल्यांना तर बहुतेक नसतातच. आता एक ढोबळ हिशोब करू. ट्रॅक्टर सव्वादोन टनांचा धरा. त्यातलं साधारण दोन तृतीयांश वजन मागच्या आसावर, म्हणजे दीड टन. कोरड्या डांबरावर टायर जेवढी पकड धरतो तेवढ्यात ही दोन चाकं पूर्ण दाबून धरली तरी मागं खेचण्याचा जोर एक टनाच्या आसपास मिळतो. तो एक टन नुसत्या ट्रॅक्टरला पुरून उरतो. पंचवीसच्या वेगात पाच-सहा मीटरमध्ये ट्रॅक्टर उभा राहतो. आता मागं दोन ट्रॉल्या जोडा, प्रत्येकी दोन टन लोखंड आणि आठ टन ऊस. एकूण बावीस टन झाले. अडवणारा जोर तोच, एक टन. चाकं आणि बेअरिंगांचा नैसर्गिक अडथळा धरूनही सपाट रस्त्यावर पंचवीसच्या वेगात सदतीस-अडतीस मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेले सात मीटर वेगळे. आठ टन मी मुद्दाम कमी धरलेत. तुमच्या स्लिपा बघून तुम्हीच हसाल.

आणि हे सपाटीचं झालं. वीस फुटांला एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर बावीस टनांचा खाली ओढणारा जोर अकराशे किलो होतो, म्हणजे तुमच्या ब्रेकपेक्षा जास्त. तिथं फक्त चाकांचा अडथळा तुम्हाला वाचवतो आणि गाडी थांबायला दीडशे मीटरच्या पुढं जाते. पंधरा फुटांला एक फूट उतार आला की संपलं. ब्रेक पूर्ण दाबलेला, मागची चाकं जाम, टायर घासत चाललेत आणि गाडी थांबत नाही. ब्रेक फेल झाला असं आपण नंतर सांगतो. ब्रेक फेल झालेला नसतो, तो मुळात तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो.

चारचाकी ट्रॉलीची यात आणखी एक खोड आहे. दुचाकी ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर थोडं वजन टाकते, त्यानं मागची चाकं जमिनीला चिकटतात. चारचाकीचं सगळं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं, दांडी नुसती ओढते. म्हणजे मागं माल वाढला तरी ट्रॅक्टरची पकड वाढत नाही. उतारावर तीच दांडी ढकलायला लागते, आणि ढकलताना ती कधीच बरोबर सरळ रेषेत ढकलत नाही.

मला हे सुर्ली घाटात कळलं. कडेगावकडून कराडला येताना हा घाट उतरावा लागतो. रात्री तीनची वेळ, जानेवारीची थंडी, दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या. घाटाच्या तोंडाशी मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो. वाटलं, जाईल. पहिल्या वळणाला वेग जास्त वाटला म्हणून दुसरा टाकायला क्लच दाबला. त्या ट्रॅक्टरला चालत्या गाडीत खालचा गिअर सहज पडत नसे. तिसरा निघाला आणि दुसरा पडेना. गिअरबॉक्स नुसता किरकिरत होता, आणि त्या दोन-तीन सेकंदांत ट्रॅक्टर मोकळा झाला. मग दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागचे टायर जाम झाले आणि ट्रॅक्टरचं बूड डावीकडं सरकायला लागलं. मी स्टिअरिंग फिरवत होतो पण ट्रॅक्टर माझं ऐकत नव्हता, पहिल्या ट्रॉलीचं ऐकत होता. पहिली ट्रॉली दुसरीचं ऐकत होती. ट्रॉलीची दांडी मागच्या टायरला भिडली, टायरचा कान फाटला, आणि पहिली ट्रॉली डोंगराच्या बाजूच्या गटारात आडवी झाली. दुसरी तिच्यावर चढून उभी राहिली. डोंगराची बाजू होती म्हणून हे आज लिहितोय. दरीची असती तर लिहायला कुणी नव्हतं. घाटाच्या वर चहाला थांबलो तेव्हा टोळीतला एक पोरगा, उसावर झोपलेला, उतरून मागच्या ट्रॅक्टरवर गेला होता. त्याला थंडी वाजत होती म्हणून. माझ्या शहाणपणानं नाही.

सकाळी ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरताना दिसलं की दोन्ही ट्रॉल्यांमधली पिन पिन नव्हतीच. बांधकामाच्या सळईचा तुकडा होता, वर वाकवून हुक केलेला. आदल्या आठवड्यात खरी पिन हरवली म्हणून मीच घातला होता.

म्हणून घाटाबद्दल माझा नियम जुनाच आहे. जो उतार चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही तोच, आणि तो घाटाच्या तोंडावर, गाडी उभी करून टाकायचा. मध्ये क्लचला हात-पाय लावायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांच्या घरच्यांनी बोलावं. हायवेवर घाट नाही म्हणून निर्धास्त राहू नका. उड्डाणपुलाचा उतार हा लहानसा घाटच आहे, आणि त्याच्या पायथ्याशी नेमका चौक किंवा सर्व्हिस रोडचा जोड असतो.

ब्रेकचे दोन पेडल असतात, डावा आणि उजवा, शेतात जागेवर वळायला. त्यांना जोडणारा एक छोटा खटका असतो. शेतातून डांबरावर आलात की तो लावायचा. खटका न लावता एका पायानं एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर एकाच चाकावर फिरतो आणि मागून बावीस टन येत असतात. हंगामात दिवसातून चार वेळा शेत आणि रस्ता होतो, आणि चारातल्या तीन वेळा हा खटका विसरला जातो. मी गॅरेजवर आलेल्या ट्रॅक्टरचा खटका बोटानं हलवून बघायचो. गंजून एका जागी बसलेला असला की समजायचं, हा कधी लावलेलाच नाही.

जोडणीकडं जरा जास्त वेळ द्या. कडी झिजून लांबोळी होते, पिन मधोमध बारीक होते, आणि दोघांत अंगठ्याएवढी फट पडते. चालताना प्रत्येक गचक्याला ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज टेपच्या दणदणाटात ऐकू येत नाही, हा एक वेगळाच विषय. या फटीमुळं ट्रॅक्टर बोटभर हलला तर पहिली ट्रॉली वीतभर हलते आणि दुसरी हातभर. पाठीमागून मोटरसायकलवरून येणाऱ्याला ती हातभर हललेली ट्रॉली अंगावर येताना दिसते, ड्रायव्हरला काहीच कळत नाही. पिन कारखान्यात बनवलेली, पोलादी, आणि खाली लॉक असलेली हवी. तार बांधून भागत नाही. शिवाय दोन्ही जोडांना साखळी. पिन तुटली तरी ट्रॉली साखळीवर राहिली पाहिजे, आणि साखळी दांडीखालून फुलीच्या आकारात बांधली तर दांडी रस्त्यात रुतत नाही.

जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. दोन्हीत सारखा माल बसत नसेल तर जास्तीचा पहिलीत. उलटं केलंत तर शेपटीला वजन बांधल्यासारखं होतं. कारखान्यात कधी क्रेनवर पुढची ट्रॉली आधी रिकामी होते आणि मागची भरलेली घेऊन यार्डात फिरावं लागतं. तिथं एखाद्यानं ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणत तशीच गाडी रस्त्यावर काढली तर गेटवर अडवायला सांगत असे मी.

खरा इलाज ट्रॉलीला ब्रेक लावणं हा आहे. हल्ली ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवून नळीनं मागच्या ट्रॉल्यांना हवा देणारी एअर ब्रेकची किट मिळतात, काही ट्रॅक्टरांना कंपनीकडूनच ट्रॉलीच्या ब्रेकसाठी हायड्रॉलिक जोड येतो. ब्रेक असलेल्या ट्रॉल्या आणि नसलेल्या यांत फरक इतका आहे की मी त्यांना एकाच नावानं हाक मारत नाही. तुम्ही दोन ट्रॉल्या भाड्यानं ओढणार असाल तर नवा टेप, नवे हॉर्न आणि टपावरच्या रंगीत लाइटांच्या आधी हा खर्च करा. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर हायवेच्या टप्प्यात एकच ट्रॉली न्या. खेप वाढते, डिझेल वाढतं, टनामागचा हिशोब बिघडतो, सगळं मान्य. टनावर पैसे मिळतात तोवर कुणीही एकाच ट्रॉलीवर समाधान मानणार नाही, हेही मला माहीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

रात्रीचं वेगळं सांगतो. डबल ट्रॉलीचा अपघात बऱ्याचदा ड्रायव्हरला कळतच नाही, कारण तो मागं होतो. मोटरसायकलवाला ओव्हरटेक करतो, पहिली ट्रॉली संपलेली पाहतो आणि आत वळतो. दुसरी तिथं असते. फाट्यावर उभा असलेला माणूस ट्रॅक्टरचा दिवा आणि पहिली ट्रॉली गेलेली पाहतो आणि रस्ता ओलांडायला पाऊल टाकतो. दुसऱ्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. म्हणून रेडियमची पट्टी फक्त मागच्या फाळक्यावर लावून भागत नाही, दोन्ही ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना सबंध लांबीभर हवी, आणि मधल्या दांडीवरही. मागचे दिवे ट्रॅक्टरच्या वायरिंगला जोडलेले, चालू स्थितीत. ऊस भरून झाला की मागं जाऊन वाकून बघा. लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, नेमकी दिव्यावर आणि रिफ्लेक्टरवर येतात. कोयत्यानं छाटायला दोन मिनिटं लागतात. चिखल असेल तर पुसायला अजून एक.

पंक्चर झालं किंवा आस तुटला तर ट्रॉली रस्त्यावर सोडून मिस्त्री आणायला जाऊ नका. जायचंच असेल तर एक माणूस पन्नास पावलं मागं बॅटरी घेऊन उभा ठेवा आणि चमकणारा त्रिकोण ठेवा. झाडाची फांदी टाकणं म्हणजे इशारा नव्हे, अंधारात ती कुणाला दिसते? आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचला. काम झालं की ट्रॅक्टर निघून जातो आणि डोक्याएवढे चार दगड लेनच्या मधोमध राहतात. उंब्रजच्या अलीकडं अशा दगडावर पडलेला एक शिक्षक माझ्या ओळखीचा आहे, त्याचा गुडघा अजून वाकत नाही. रस्त्यात अडथळा ठेवून लोकांना धोका केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, ५ हजारांपर्यंत दंड. कुणी त्यावर मेला तर कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद.

आता तुमच्या तीन रिकाम्या ट्रॉल्या. रिकामी ट्रॉली जड नसते म्हणून सुरक्षित, हा चुलत्यांचा हिशोब थांबण्यापुरता थोडा बरोबर आहे, सरळ चालण्याच्या बाबतीत उलटा आहे. रिकाम्या ट्रॉलीचा टायर भरलेल्या मालासाठी टणक फुगवलेला असतो, खाली वजन नसतं, त्यामुळं ती प्रत्येक जोडावर उडते आणि उडताना बाजूला सरकते. ड्रायव्हरला मागं काही आहे असं वाटतच नाही, म्हणून वेग पस्तीसवर जातो. तिसरी ट्रॉली तोवर सापासारखी वळवळत असते. त्यात लांबी बावीस मीटरवर जाते, ती कुठल्याच नियमात बसत नाही. आणि तुमचा रस्ता साताऱ्याच्या पुढं खंबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळ्यात उतरतो. बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे इंग्रजी एस अक्षरासारखं उताराचं वळण आहे तिथं मोठ्या कंटेनरवाल्यांचाही तोल जातो. तिथं तीन ट्रॉल्यांची माळ घेऊन कुणी उतरताना मला दिसला तर मी माझी गाडी बाजूला घेऊन तो जाईपर्यंत थांबेन.

गिऱ्हाइकाला सांगा, लांब बॉडीचा ट्रक करा. चाकं काढून एकावर एक ठेवलेल्या दोन ट्रॉल्या एका ट्रकात जाताना मी पाहिल्यात. क्रेनवाल्याचे पैसे दोन्ही टोकांना लागतील, ते व्यवहारात आधीच धरा. ट्रॅक्टरनंच न्यायच्या असतील तर एका वेळी एक, उजेडात, हवा थोडी कमी करून.

आणि ट्रॉली विकताना तिची आरसी गिऱ्हाइकाच्या नावावर करून द्या, नाहीतर ती खंडाळ्यात कुणाला धडकली तरी नोटीस तुमच्याच दारात येईल. त्याआधी आरसीवरचा चासी नंबर आणि ट्रॉलीवरचा नंबर जुळतो का ते बघा. नंबर बहुतेक दांडीवर किंवा पुढच्या आडव्या चॅनलवर ठोकलेला असतो. रंगाचे तीन-चार थर असतील, रॉकेल लावून पत्र्याच्या पट्टीनं खरवडा. तुमच्या दोन्ही ट्रॉल्यांचा सापडेल असं वाटतं. चुलत्यांची जुनी आहे म्हणताय, तिची दांडी कधी बदललीय का ते त्यांना विचारा. बदलली असेल तर नंबर त्या जुन्या दांडीबरोबर भंगारात गेला, आणि मग ती विकायच्या आधी आरटीओची एक चक्कर आहे.